चाकामागं एक घमेलं

आमच्या गावच्या पांदण रस्त्याच्या तोंडाशी एक बाज आडवी टाकलेली असते आणि तिच्यावर रहमानचाचा बसलेले असतात. बाजेखाली चुन्याचा डबा, शेजारी रिकामं घमेलं. तुम्ही ट्रॅक्टर घेऊन वावरात निघालात, हॉर्न वाजवलात, तरी बाज हलत नाही. चाचाही उठत नाहीत. नुसतं घमेलं पुढे सरकवतात आणि म्हणतात, "चाक हाय तं कर हाय."

हा कर पैशांत नाही, मुरमात आहे. चाकामागं एक घमेलं लाल मुरूम, हंगामात एकदा. मोटारसायकलीला दोन, बंडीला दोन आणि बैलांना माफी. ट्रॅक्टरला चार, ट्रॉली जोडली की तिच्या चाकांचे वेगळे. पायी जाणाऱ्याला काहीच नाही. मुरूम गावामागच्या टेकाडावरून ज्याचा त्याने आणून पांदणीत टाकायचा. कर भरला की चाचा चाकावर चुन्याचं बोट ओढतात, हीच पावती. मेडशीच्या बाजारात आमच्या गावचे ट्रॅक्टर लोक या चुन्यावरून ओळखतात आणि आम्हाला हसतात.

एकदा एका जीपवाल्याने वाद घातला, की मागच्या स्टेपनीचा कर लागतो का. चाचांनी वाकून पाहिलं. "जमिनीले लागते काय? नाई ना? मंग माफ." कायदा म्हणजे कायदा.

चाचा जातीचे पिंजारी. अर्ध्या गावाच्या गाद्या त्यांनी भरलेल्या. माझ्या लग्नातलीसुद्धा त्यांचीच. शेत म्हणाल तर वीतभर नाही. माझं मात्र घरच पांदणीच्या दुसऱ्या टोकाला, वावरात आहे. एक किलोमीटर अंतर. येता-जाता चाचांच्या तोंडी मीच सापडायचो आणि कर भरताना सगळ्यात जास्त कुरकुर माझीच असायची. एकदा मी हुशारी केली. खाली काळी माती भरली आणि वर मुरूम पसरला. चाचांनी घमेल्यात कोपरापर्यंत हात घातला, चिमूट बाहेर काढून बोटांत चोळली.

"गजू, वरून रुई अन् खाली कचरा. तुह्या गादीत मी असं भरलं असतं, तं झोपला असता काय?"

आयुष्यभर कापसातली सरकी हाताने हुडकलेला माणूस. त्याच्या बोटांना फसवायला निघालो होतो मी. दंड म्हणून दोन घमेली जास्त गेली.

"चाचा, पण कर कायले पाह्यजे?" मी वैतागून विचारलं.

"रस्ता कोन खाते? चाक. मंग भरन कोन? चाकच भरन."

"अन् तुमच्याजवळ तं सायकलबी नाई."

"म्हणून तं मी भरत नाई," चाचा शांतपणे म्हणाले. "पाय रस्ता खात नाई. दाबून देते."

गावात हाच टोमणा चालायचा. ज्याच्या दारी चाक नाही, तो दुसऱ्याच्या चाकावर कर लावतो. म्हातारा सरपंचकीला उभा राहणार, असं पारावर ठरूनही गेलं होतं. मीही तेच म्हणत हिंडायचो, हे आता कबूल करतो.

एका हंगामात सोयाबीन काढायला परमुलखातलं मोठं हार्वेस्टर आलं. ड्रायव्हर उंचावर बसलेला, मराठीचा गंध नाही. चाचा बाजेवरून म्हणाले, "चार चक्के, चार घमेले." ड्रायव्हर हसला आणि त्याने मशीन बाजेपासून हातभरावर आणून उभं केलं. चाचांनी घरातून चहा मागवला, बशीत ओतला, फुंकून प्याले. मग दुसरा कप मागवला. मागे सहा ट्रॅक्टर तुंबले. शेवटी तो गडी खाली उतरला, टेकाडाची वाट विचारून चार घमेली भरून घेऊन आला आणि जाताना चाचांच्या पाया पडला. पडलेला मुरूम चाचा उन्हं कलल्यावर फावड्याने पसरत. नंतर चपला काढून त्यावरून चालत. पायाला टोचलं की तिथेच बसून खडा काढत. पहिल्या वर्षी रस्ता निंबापर्यंत झाला, दुसऱ्या वर्षी आंब्यापर्यंत, आणि तिसऱ्या वर्षी माझ्या कवाडापर्यंत येऊन पोचला.

या सगळ्यात मी आणखी एक काम करत होतो, ज्याचा कधी विचारच केला नाही. मी डबे वाहायचो. माझी आई आणि चाचांची बायको सकीनाचाची, दोघी नव्या नवऱ्या होत्या तेव्हापासून एकमेकींशेजारी वावरात तण निंदायला बसलेल्या. चार वर्षांपूर्वी चाचीची डावी बाजू लकव्याने गेली. आईचा मणका आधीच गेलेला. डॉक्टरांनी तिला कुठल्याही गाडीवर बसायची बंदी केलेली. तेव्हापासून दोघींची भेट नव्हती, नुसत्या इकडून कण्या जायच्या, तिकडून शिरखुर्मा यायचा. डबा देताना आई दरवेळी विचारायची, "कशी दिसते रे सकीना?" मी म्हणायचो, "दिसते बरी," आणि ट्रॅक्टर धुवायला लागायचो.

बाजेमागच्या चाचांच्या पडवीत जुन्या गादीच्या खोळीखाली काहीतरी मोठं झाकलेलं असे. मी ते पिंजायचं मशीन समजत होतो.

यंदा सोयाबीन निघून तूर फुलावर आली होती. एका सकाळी मी ट्रॅक्टर घेऊन गावातून परत येत होतो, तर बाज बाजूला सरकवलेली. पडवीतली ती खोळ काढलेली होती आणि खालून निघाली होती अपंगांची तीनचाकी सायकल, सीटवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा तसाच. तिच्यात सकीनाचाची बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, मांडीवर डबा घेऊन. आणि चाचा टेकाडाकडून डोक्यावर घमेलं घेऊन येत होते.

"चाचा, आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो.

"काहून? चाक हाय तं कर हाय. तीन चाकं हायेत."

चाची म्हणाल्या, "अवो, लोकं हसतीन."

"हसू दे."

त्यांनी तीन खेपा केल्या, मला हात लावू दिला नाही. तिन्ही चाकांवर चुन्याचं बोट ओढलं आणि मागे जाऊन दांडी धरली. मला लाज वाटली. खरंच वाटली. तीन वर्षं मी ज्या मुरमावरून कुरकुरलो, तो कुणाच्या चाकाखाली पडत होता ते मला आत्ता दिसत होतं. मी ट्रॅक्टर बंद करून त्यांच्यामागून पायी चालू लागलो.

आई ओट्यावर बसली होती. सायकल कवाडातून आत आली, तशी ती भिंतीला धरून उठली. भिंत सोडून सायकलीपर्यंत आली. मग आईने चाचीच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "रस्त्यानं हादरे बसले काय वं?"

"एकबी नाई," चाची म्हणाल्या.

चाचा तोंड फिरवून तुरीकडे बघत उभे होते. मी जवळ गेलो, तर हळूच म्हणाले, "एक बसला. आंब्यापाशी. तुही चाची सांगनार नाई, पन मले दांडीतून हाताले समजला. सांज्याले दोन घमेले लागतीन तिथं."

माझ्या ट्रॅक्टरचा यंदाचा कर भरून झाला होता, चाकांवर चुनाही ताजा होता. सांजेला मी चार घमेली घेऊन आंब्यापाशी गेलो, तेव्हा चाचा चपला काढून तिथे उभेच होते.