वांगी रंगाचे फेटे

संविधान दिनाच्या कार्यक्रमाला फेटे कोणत्या रंगाचे बांधायचे, या प्रश्नाने मुख्याध्यापक गुरुलिंग सरांची आठवडाभर झोप उडवली होती. भगवा म्हटला की एक पुढारी खूश आणि बाकीचे नाराज. हिरव्याचं तेच, निळ्याचं तेच, पिवळ्याचंही तेच. गुलाबी घ्यावा तर मुलीकडचं वऱ्हाड उतरल्यासारखं वाटतं आणि पांढरा बांधला तर लोक विचारणार, कोण गेलं? शेवटी सरांनी वांगी रंग शोधून काढला. वांग्याचा झेंडा आजवर कोणी खांद्यावर घेतलेला नाही, या एकाच गुणावर तो पास झाला.

"पण सर, समतेच्या कार्यक्रमाला फेटे हवेतच कशाला?" प्रणिता मॅडमनी विचारलं. शाळेत शिक्षक दोनच, एक सर आणि दुसऱ्या या मॅडम.

"मॅडम, तुम्ही बाहेरगावच्या. आमच्या गावात माणूस जेवणावाचून राहील, फेट्यावाचून राहणार नाही."

सर पोळलेले होते, म्हणून बोलत होते. गेल्या सव्वीस जानेवारीला कापड दुकानदार केदारनाथशेठच्या फेट्याचा तुरा वस्तीवरच्या तात्याबांच्या तुऱ्याहून वर गेला. तात्याबा म्हणजे शेळ्यामेंढ्यांचे मालक आणि अख्ख्या वस्तीचा शब्द. ते भाषण सुरू असतानाच उठले आणि वस्तीवरच्या सगळ्या लेकरांना घेऊन गेले. नांदूरघाटच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी तेव्हापासून वस्तीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवायला लागली. सरांनी महिनाभर वस्तीवर चकरा मारल्या, तेव्हा कुठे पोरं परत आली.

यंदा तर दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. वर्ग निम्मे रिकामे. आता वस्ती रुसली किंवा शेठची गल्ली रुसली, तर पट घसरणार आणि प्रणिता मॅडमची जागाच रद्द होणार. पोरं वाचायला लागली होती ती मॅडममुळे, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. मॅडम गेल्या तर शाळेचं नाव शाळा राहील, बाकी काही राहणार नाही.

म्हणून सरांनी नियमच केला. व्यासपीठ नाही, खुर्ची नाही. सगळे एका सतरंजीवर. मानकरी दोघंच, दोघांना एकाच ताग्यातला, एकाच लांबीचा फेटा, एकाच माणसाच्या हातून. लग्नांत फेटे बांधणारा गहिनीनाथ सकाळीच येऊन बसला. विस्तार अधिकारी वनमाला मॅडम यायच्या आत सगळं आटोपायचं होतं.

दोघांचे फेटे बांधून झाले. केदारनाथशेठचा शेमला, म्हणजे फेट्याचं मागे सोडलेलं टोक, पाठीवरून थेट कमरेपर्यंत आला होता. तात्याबांचा मानेपाशीच संपला होता.

तात्याबांनी हात मागे नेऊन चाचपलं. "सर, ह्ये कावून असं?"

"तात्याबा, कापड सारखंच आहे. माझ्यासमोर मोजलंय."

"मोजलं कुनाच्या गजानं? शेठच्या! दुकान त्येचं, गज त्येचा."

"माज्या गजावर येऊ नका हां," केदारनाथशेठ उसळले. "तीन पिढ्यांचा गज हाय त्यो. सोडा फेटे, मोजा फिरून!"

फेटे सोडले. मोजले. शाळेच्या मीटरपट्टीनेही मोजले. तंतोतंत सारखे निघाले. फिरून बांधले, तर शेमला पुन्हा तिथेच. खरं कारण गहिनीनाथला पहिल्या वेढ्यालाच कळलं होतं, पण त्याला वस्तीवरून रोज जावं लागत असे. तो छताकडे बघत राहिला. सरही छताकडे बघायला लागले.

पुढच्या रांगेत तात्याबांची नात मोहिनी बसली होती. दुसरीतली. "आज्या," ती म्हणाली, "तुजं डोस्कंच लई मोठं हाय."

पोरं खिदळली. तात्याबांना हे बोलणं निंदा की स्तुती ते ठरवता येईना. शेवटी त्यांनी ते स्तुतीच्या बाजूने घेतलं. "मंग मोठ्या डोस्क्याला मान कमी का? शेठचा कापा. दोघांचे शेमले बराबर दिसले पायजेत."

"मानाच्या कापडाला कात्री?" शेठ म्हणाले. "आन लावायचीच तर दोघांच्याला लावा. माजा जेवढा कापाल तेवढाच त्येंचा. बराबरी म्हंजे बराबरी!"

सर अडकले. दोघंही समताच मागत होते आणि दोन्ही समता एका कात्रीत बसत नव्हत्या. पण घड्याळ पुढे सरकत होतं. कार्यानुभवाच्या कपाटातून कात्री आली. शेठचा हातभर कापला, तात्याबांचाही हातभर कापला. फेटे पुन्हा बांधले. शेठचा शेमला कमरेपासून वर सरकला आणि तात्याबांचा पार नाहीसा झाला.

"आता तर माजा हायच न्हाई!" तात्याबा गरजले. "मोहिने, ऊठ. चला रे पोरांनो."

"बसा, तात्याबा, बसा!" सरांनी जवळजवळ पाय धरले. "गहिनीनाथ, यांचे वेढे कमी कर. शेमला काढ त्यातून."

वेढे कमी केले तर शेमला आला, पण तुरा बसला. तुरा बसला म्हणून शेठचा तुरा उंच दिसायला लागला. शेठचा कापला. तेवढाच तात्याबांचाही कापावा लागला. गहिनीनाथ बांधत होता, सर कापत होते आणि प्रत्येक कापण्यानंतर दोन्ही मानकरी एकमेकांच्या डोक्याकडे बाजारातल्या बैलाकडे बघावं तसं निरखून बघत होते. कुणाचंच समाधान होईना. सतरंजीवर वांगी तुकड्यांचा ढीग साचत चालला.

त्यातला एक तुकडा मोहिनीने उचलला आणि स्वतःच्या डोक्याला गुंडाळला. मग शेठच्या नातवाला तो हवा झाला. त्याने दुसरा उचलला. मग सगळ्यांनाच हवा. भांडणं लागायच्या आत प्रणिता मॅडमनी ढीग ताब्यात घेतला, तुकड्यांच्या उभ्या पट्ट्या फाडल्या आणि रांगेने बांधायला सुरुवात केली. मुलींना आधी की मुलांना, हा विचार करायलाही त्यांना वेळ नव्हता. बाहेर जीपचा आवाज आला होता.

वनमाला मॅडम दारात आल्या आणि थबकल्या. समोर एकजात सगळी पोरं वांगी पट्ट्या बांधून बसलेली. त्यांच्यामध्ये दोन म्हातारे, डोक्याला पोळी गुंडाळायच्या फडक्याएवढं कापड. मुख्याध्यापकांच्या हातात कात्री.

"सर, हे काय चाललंय?"

सरांनी कात्री पाठीमागे लपवली. पंचवीस वर्षांची नोकरी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली.

"आज्यानं आन शेठनं आपले फेटे कापले," मोहिनीने उभं राहून सांगितलं. "आन आमाला दिले."

त्यात खोटं काहीच नव्हतं. वनमाला मॅडमनी पोरांच्या डोक्यांवरून नजर फिरवली. मग त्यांचे डोळे भरून आले. "मी इतक्या शाळा फिरते," त्या म्हणाल्या. "समतेवर भाषणं रोज ऐकते. पण स्वतःचा मान कापून लेकरांत वाटणारी माणसं आज पहिल्यांदा पाहिली. मुलींच्याही डोक्याला फेटा! टाळ्या वाजवा यांच्यासाठी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्याबांनी शेठकडे पाहिलं, शेठनी तात्याबांकडे. कितीतरी दिवसांनी दोघांचं मत एक झालं होतं, की इथे तोंड उघडायचं नाही.

ते फार टिकलं नाही. "कापा म्हून पैलं मीच म्हनलं, मॅडम," तात्याबा म्हणाले.

"पन जास्ती गेला माजा," शेठ घाईघाईने म्हणाले. "इचारा गहिनीनाथला."

"जास्ती? ह्ये घ्या मंग!" तात्याबांनी डोक्यावरचं उरलंसुरलं काढून पोरांकडे फेकलं. शेठही मागे हटले नाहीत. त्यांचं कापड तात्याबांच्याही पुढे जाऊन पडलं. पोरांनी त्या उघड्या डोक्यांसमोर खणखणीत आवाजात उद्देशिका म्हटली. सरांना ती ऐकता ऐकता हुंदका आला आणि त्यांनी तो सर्दीवर ढकलला.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरची आणि गल्लीतली सगळी पोरं वेळेआधी हजर. पिवळी गाडी रिकामीच परत गेली. सरांनी पाणी पिऊन मोकळा श्वास घेतला, तोच तात्याबा ऑफिसच्या दारात उभे राहिले.

"सर, आता सव्वीस जानेवारीला मला फेटा नको. नारळ नको, शाल बी नको."

सरांना वाटलं, उठून मिठी मारावी. "तात्याबा, तुम्ही जिंकलात!"

"पन येक करा." तात्याबांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फेटा नको म्हून पैलं कोन म्हनलं, तेवढं माइकवर सांगा. आन शेठच्या आदी सांगा."

सरांनी खिडकीतून पाहिलं. फाटकातून केदारनाथशेठ धोतराचा सोगा सावरत, जवळजवळ पळतच ऑफिसकडे येत होते.