सीलबंद साखर

मापकाकांनी जेवणाच्या टेबलावर गोल्फची बॅग आडवी टाकली, तेव्हा काकूंनी शिवणयंत्रावरून मान वर केली नाही. "ती खाली ठेवा," एवढंच त्या म्हणाल्या, "तिथे माणसं जेवतात." काकांनी ती ठेवली नाही, कारण बॅगेखाली वजनकाटा होता आणि काट्याचा आकडा अजून स्थिर व्हायचा होता. तो साडेअकरा किलोंवर थांबला. काकांनी तो वहीत लिहिला, शेजारी स्वतःचं वजन लिहिलं, त्याच्या शेजारी सकाळची रक्तातली साखर लिहिली, खाली एक रेघ मारली आणि विचारात पडले.

त्यांचं खरं नाव वेगळंच होतं, पण ते आता औषधांच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून काढली. दुकानोदुकानी फिरायचं, तराजू तपासायचा, खोटा निघाला तर उचलून न्यायचा आणि खरा निघाला तर तारेत ओवलेलं शिशाचं सील पकडीनं दाबून त्याला लावायचं. गल्लीनं त्यांचं मापकाका करून टाकलं आणि ओघानं त्यांची बायको काकू झाली.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी मधुमेह निघाला. ज्या माणसानं जन्मभर जगाची मापं तपासली, त्याला आता घरबसल्या जग तपासायला लागलं. काकूंची नजर त्यांच्या ताटावरून हलेना. लेकीचा फोन आला की 'कसे आहात' नाही, 'शुगर किती' हा पहिला प्रश्न. जिन्यात शेजारी भेटला तरी तेच. काका हसून आकडा सांगायचे आणि आत कुठेतरी चरफडायचे. माणूस म्हणून कुणी विचारतच नाही, असं त्यांना वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

डॉक्टरबाईंनी रोज चालायला सांगितलं. काका म्हणाले, कुठे जायचंच नसताना चालणं मला जमायचं नाही. मग गावाबाहेरच्या नऊ खड्ड्यांच्या जुन्या मैदानावर ते गोल्फ खेळायला लागले. चेंडू मारला की निदान तो शोधायला तरी जावं लागतं. दोन वर्षांत खेळ तसूभर सुधारला नाही, पण तिथे त्यांना कुणी साखर विचारत नसे. लोक एवढंच विचारत, की काका, चेंडू गेला कुठे. हा प्रश्न त्यांना फार आवडायचा.

आणि आता तेच मैदान हातचं जायची वेळ आली होती. झालं असं, की गेल्या महिन्यात सातव्या खड्ड्यापाशी काका वाळूत बसलेले सापडले. वाळू सारखी करायचं दाताळं त्यांनी पुढ्यात घेतलं होतं आणि हे दाताळं मापात दोन इंच कमी आहे म्हणून ते त्याच्याशीच हुज्जत घालत होते. साखर उतरली की माणसाला असा भ्रम होतो. दोघा खेळाडूंनी त्यांना बखोटीला धरून घरापर्यंत आणलं, अख्ख्या गल्लीनं गॅलऱ्यांमधून पाहिलं. साखर ताळ्यावर आल्यावर काकूंनी शांतपणे निकाल दिला. "अजून एकदा कुणाच्या खांद्यावर घरी आलात, तर गोल्फच्या काठ्या माझ्या. मग मागायच्या नाहीत."

सगळ्यांचं एकमत झालं, की दोष बॅगेचा. खांद्यावर साडेअकरा किलो घेऊन नऊ खड्डे हिंडलं तर साखर उतरणारच. मग बॅग न्यायची कशी? इथे मात्र एकमत संपलं. लेक म्हणाली मैदानावरच्या मोटारबग्गीत बसा. डॉक्टरबाई म्हणाल्या बसायचं असेल तर घरीच सोफा आहे. काकूंचा भाऊ म्हणाला दोन चाकांची ट्रॉली घ्या, ओढत न्या. काकांचा नेहमीचा प्रतिस्पर्धी म्हणजे गल्लीतला दंतवैद्य, तो म्हणाला की या वयात पत्ते काय वाईट आहेत. काकांनी सर्वांचं ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, की मी प्रत्येक प्रकार मोजून बघणार. ज्याचा आकडा बरोबर, तो खरा.

पहिली चाचणी खांद्याची, तीही घरच्या जिन्यावर. काका बॅग घेऊन चार मजले सहा वेळा चढले-उतरले. पाचव्या खेपेला तळमजल्याच्या बाईंनी काळजीनं विचारलं, की भांडण झालंय का, आणि जाताय तर निदान सांगून तरी जा. साखर सत्तरवर आली. घाबरून काकांनी दोन केळी खाल्ली, ती एकशे नव्वदवर गेली.

दुसरी चाचणी बग्गीची. बसल्या जागी साखर उतरायची शक्यता नव्हती, पण उतरली तर काय, या धास्तीनं काकांचा हात सारखा बॅगेच्या खिशातल्या बिस्किटांकडे जात राहिला. नवव्या खड्ड्याला पुडा रिकामा आणि आकडा दोनशे चाळीस. ओढायच्या ट्रॉलीचा आकडा चांगला आला असता, पण भावानं आणलेल्या ट्रॉलीचं एक चाक निराळ्याच दिशेला जायचं. तिनं काकांना वळवत वळवत माळ्याच्या खोलीपाशी नेऊन सोडलं.

राहिली बॅटरीवरची ट्रॉली. ती मैदानाच्या कचेरीत मिळायची. दांड्यावरचं बटण दाबलं की चालायला लागते, परत दाबलं की थांबते, लांबून थांबवायला एक छोटा रिमोटही होता. म्हणजे माणूस चालणार, ओझं चालणार, आणि कुणाचा भार कुणावर नाही. काकांना हे तत्त्व एकदम पटलं. शनिवारी दंतवैद्याशी सामना ठरला.

पण बग्गीतला तो रिकामा पुडा काकांच्या मनातून जाईना. दोष बग्गीचा नव्हता, हाताचा होता. वेळेआधी हात खिशात जातो, म्हणजे मापात भेसळ झाली. आता एखाद्या साध्या माणसानं काय केलं असतं? मन घट्ट केलं असतं. काकांनी शनिवारी सकाळी कपाटातून सीलची जुनी पकड काढली. बिस्किटं, ग्लुकोजच्या गोळ्या आणि साखर मोजायचं यंत्र बॅगेच्या बाजूच्या खिशात भरलं, चेनीच्या कडीत तार ओवली आणि तिला शिशाचं सील ठोकलं. पाचव्या खड्ड्याला सील तोडायचं, त्याआधी नाही. तार तोडायला छोटी कात्रीही त्यांनी आठवणीनं घेतली होती. ती त्यांनी त्याच खिशात, सर्वांत आधी टाकली होती.

पहिल्या खड्ड्यापाशी चेंडू ठेवायला वाकताना विजारीच्या खिशातला रिमोट दाबला गेला आणि ट्रॉली जाऊन दंतवैद्याच्या घोट्यावर आदळली. दंतवैद्य आधीच बारीक माणूस, तो एका पायावर नाचला आणि म्हणाला, की ते यंत्र खिशात ठेवणार असाल तर मी खेळत नाही. काकांनी मुकाट्यानं रिमोट बॅगेच्या फटीतून आत सोडला. फट त्याच सील केलेल्या खिशाची होती. बोटभर रुंद, वस्तू आत जाईल पण हात जाणार नाही एवढी. ती त्यांनी स्वतःच मापून ठेवली होती.

तीन खड्डे झकास गेले. चौथ्यावर तर नवलच झालं, काकांचा चेंडू खड्ड्यापासून जेमतेम दहा फुटांवर येऊन थांबला. हा खड्डा जिंकला की दोन वर्षांत पहिल्यांदा दंतवैद्य मागे पडणार होता. काका इतके हरखले, की ट्रॉली थांबवायला त्यांनी दांड्यावरचं बटण एकदा दाबायचं ते दोनदा दाबलं, काठी उपसली आणि पाठ फिरवली. ट्रॉली क्षणभर थांबली आणि पुन्हा चालायला लागली. पुढे फाटकापर्यंत सबंध उतार होता.

काका धावले. धावता धावता त्यांच्या लक्षात आलं, की रिमोट तिच्याच पोटात आहे. आणखी शंभर पावलांवर कपाळाला घाम फुटला, ओठ बधिर झाले, आणि दुसरी गोष्ट लक्षात आली, की साखर उतरते आहे आणि गोळ्याही तिच्याच पोटात आहेत. म्हणजे गाठावं तर धावायला हवं, आणि धावावं तर साखर आणखी उतरणार. थांबावं म्हटलं तर औषध पुढे निघालेलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते काय, हे काकांना इतकं नीट कधी समजलं नव्हतं. मरणाची भीती त्यांना नव्हती. आता काठ्या जाणार, हीच भीती होती.

फाटकाजवळच्या कुंपणात शिरून ट्रॉली अडकली आणि जागच्या जागी चाकं फिरवत राहिली. काका तिच्यावर कोसळलेच. त्यांनी सील ओढलं, पिळलं, दातांनी धरलं. एकतीस वर्षांत त्यांचं सील कुणाला हातानं तोडता आलं नव्हतं, ते त्यांनाही तोडता आलं नाही.

नेमक्या त्याच वेळी फाटकातून काकू आत आल्या. सकाळी कपाट उघडल्यावर त्यांना पकड जागेवर दिसली नव्हती, आणि पकड बाहेर पडली की घरात काहीतरी मूर्खपणा होतो हा त्यांचा जुना अनुभव होता. शिवणकाम करणारी बाई कात्रीशिवाय बाहेर पडत नाही. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं आणि पर्समधून कात्री काढली.

काका अडखळत म्हणाले, "अगं, सील आहे. अधिकाऱ्याशिवाय तोडता येत नाही."

"तोंड उघडा," काकू म्हणाल्या आणि कच्चकन तार कापली.

आकडा अठ्ठावन्न निघाला. गोळ्या चघळायला लावून काकूंनी नवऱ्याला खांद्याचा आधार देत चौथ्या खड्ड्याजवळच्या बाकावर आणून बसवलं आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं होतं. काका मान खाली घालून बसले. काकू पहिल्यांदाच मैदानात आल्या होत्या आणि डोळे बारीक करून समोरची लांबच लांब हिरवळ बघत होत्या.

"तीस वर्षं सुईच्या टोकापलीकडे पाहिलं नाही हो मी," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात दंतवैद्य लंगडत आला. काकांची विचारपूस करून झाल्यावर त्यानं खाकरून सांगितलं, की मागची मंडळी खोळंबली आहेत, चेंडू मारला नाही तर हा खड्डा माझा धरावा लागेल. काका काठी घेऊन उठायला गेले, तर काकूंनी त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्या हातातली काठी काढून घेतली. मीच ढकलून टाकते, म्हणाल्या, लोकांना कशाला ताटकळत ठेवायचं. दंतवैद्यानं मोठ्या मनानं परवानगी दिली. उतार उजवीकडे आहे, बेतानं मारा, असा सल्लाही दिला.

काकू चेंडूमागे गुडघ्यावर बसल्या, एक डोळा मिटला आणि कापडाची कड बघावी तशी जमीन बघितली. "छे. हे डावीकडे ओढतंय," त्या म्हणाल्या. उभ्या राहिल्या आणि टिचकी मारावी इतक्या हलकेच त्यांनी चेंडू ढकलला. तो डावीकडे वळला, वळत गेला आणि टपकन खड्ड्यात पडला. काकूंनी काठीकडे पाहिलं, मग दंतवैद्याकडे पाहिलं.

"पुढचा खड्डा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी काका घरी आले ते काकूंच्या खांद्यावर हात टाकूनच. अट ती अट. जन्मभर खऱ्या मापासाठी भांडलेल्या माणसाला त्यात पळवाट काढता येईना. काठ्या काकूंच्या झाल्या. काकांनी एवढीच विनंती केली, की मला निदान बरोबर तरी येऊ दे. बॅग कशी न्यायची हा प्रश्नही मग आपोआप सुटला. चाक दुरुस्त केलेली दोन चाकांची ट्रॉली काका ओढतात. काकू दर दोन दिवसांनी खेळायला निघतात आणि चेंडू सरळ मारतात, त्यामुळे चाल एकसारखी पडते, धावाधाव नाही की बिस्किटं नाहीत. तीन महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी अहवाल दोनदा वाचला. असा आकडा त्यांच्या तरुण पेशंटांचाही नव्हता. मग त्यांनी चष्मा काढून उत्सुकतेनं विचारलं, काकू नवव्या खड्ड्यावर परवा खरंच तीनच फटक्यांत पोचल्या का?

आता लेकीचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, आई कुठाय, जिंकली का. जिन्यात शेजारी थांबवतो तो काकूंच्या खेळाबद्दल विचारायला. दंतवैद्य तर काकांना मैदानावर नमस्कारही काकूंच्या मार्फतच करतो. गेले कित्येक आठवडे काकांना त्यांची साखर कुणीही विचारलेली नाही.

काल सहाव्या खड्ड्यापाशी काकू चेंडूवर नजर रोखून उभ्या होत्या. सगळीकडे शांत होतं. ट्रॉलीचा दांडा धरून मागे उभे असलेले काका बराच वेळ चुळबुळले, आणि शेवटी म्हणाले, "अगं, मला जरा गरगरल्यासारखं होतंय." खरं म्हणजे काही होत नव्हतं. उगीच, कुणीतरी विचारावं म्हणून.

काकूंनी चेंडूवरची नजर हलवली नाही.

"खिशातली गोळी चघळा," त्या म्हणाल्या, "आणि जरा डावीकडे सरका. तुमची सावली पडतेय."