शिंपीकाकांचे आठवे प्राथमिक शिक्षण

शिंपीकाकांना अखेर शिवता येऊ लागले. (हे वाक्य वाचलेच नाही असे समजावे. काकांना शिवता येते हे फुटले, तर पुढच्या सुटीत मुलांनी शिकवायचे कोणाला?)

परदेशात वाढलेल्या तरुणाला आजोबांच्या गावाचे ऋण एकदा तरी आठवतेच. ते परीक्षा संपल्यावर आठवते आणि कॉलेज उघडायच्या आत फिटते. अशांच्या सोयीसाठी गावात 'उपकार स्वीकार समिती' आहे. समितीच्या पाहणीनुसार शिकवण्याजोगी माणसे एकशे बारा. पैकी एकशे अकरा जण पाहुण्यांची गाडी दिसताच कामाला निघून जातात. काकांचे शिलाई मशीन लोखंडी असल्यामुळे त्यांना ते काखोटीला मारून पळता येत नाही. म्हणून काका सात वर्षे नवशिके आहेत. दुकानात सात प्रमाणपत्रे आहेत, सगळी पहिल्या पायरीची. (दुसरी पायरी अजून कोणी शिकून आलेले नाही.)

काकांचा अनुभव चाळीस वर्षे. यंदाची शिक्षिका म्हणजे समितीच्या अध्यक्षांची चुलत नात. तिचा अनुभव शिवणवर्गाचे चार शनिवार. पोरगी गुणी, फक्त उत्साही.

अडचण एवढीच होती, की सोमवारी शाळा उघडत होती आणि बत्तीस गणवेश नुसते कापून पडले होते. मशीन एकच, आणि त्यावर या ताई काकांना सुईत दोरा ओवायला शिकवत होत्या.

"काका, घाबरू नका हं. चुकलं तरी चालतं."

"चुकायलाच बसलोय, ताई," म्हणत काकांनी दोरा सुईच्या शेजारून नेला. (समितीचा नियम चार : पहिल्या तीन दिवसांत दोरा ओवला गेल्यास फोटोत संघर्ष दिसत नाही.)

आतून काकू कडाडल्या, "अहो, आटपा ते अडाणीपण! सोमवारी पोरं काय टॉवेल गुंडाळून जातील शाळेत?"

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, ताईंनी सरळ शिवण घातली, म्हणजे घालायला सांगितली, आणि त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या. काकांनी मन घट्ट केले होते, पण पाय कोणाचे ऐकतात? ताई परत येईपर्यंत तीन गणवेश झाले होते. कॉलर, खिसे, काजे, सगळे. काकांनी घाईघाईने एक बटण उलटे लावून पाहिले. उपयोग झाला नाही.

ताईंचे डोळे भरून आले. "पाच दिवसांत! काका, मी तुम्हाला पाच दिवसांत कॉलर शिकवली!"

त्यांनी लगेच तसे कळवलेही. 'पाच दिवसांत शिंपी' ही पद्धत शिकायला त्यांचे अकरा मित्रमैत्रिणी उद्या सकाळी पोहोचत आहेत. प्रत्येकाला काकांवर स्वतंत्र सराव करायचा असल्याने काकांनी पुन्हा पहिल्या दिवसापासून अडाणी व्हावे, असा ठराव समितीने एकमताने केला आहे.

एकोणतीस गणवेश बाकी आहेत. काकांनी समितीला अर्ज दिला असून त्याची प्रत, वाचकमहाशय, आपल्यालाही पाठवली आहे. कारण त्या अकरांत आपली भाची आहे, आणि "गावासाठी काहीतरी कर" असे तिला आपणच म्हणाला होता. अर्जात एवढेच आहे :

'तरी, अर्जदारास स्वतःचे काम येते असे समजण्याची परवानगी, निदान सोमवार सकाळपर्यंत, मिळावी ही नम्र विनंती.'