स्थळ पसंत आहे

रामकिशनराव उजाडायच्या आधी उठले, अंगणातल्या चिंचेखालचा पाला झाडला, चुलीवर पाण्याचे पातेले ठेवले. वैजनाथला त्यांनी हाक मारली नाही. तो जागाच असतो हे त्यांना ठाऊक होते. वैजनाथने ज्वारीचे पीठ मळून भाकरी थापल्या. पहिली नेहमीप्रमाणे तव्याला चिकटली; ती त्याने स्वतःच्या ताटात घेतली. चहा झाला. "मीठ संपत आलंय," एवढे एकच वाक्य त्या सकाळी घरात बोलले गेले. वैजनाथची आई तुळजाबाई गेल्यापासून बापलेकांनी संसार नेटका चालवला होता. फक्त त्यात बोलण्याजोगे काही उरले नव्हते. मग वैजनाथ मोटारसायकलवरून उमरीला, बियाण्याच्या दुकानात कामाला गेला, आणि रामकिशनराव फोन मांडीवर ठेवून ओट्यावर बसले.

वैजनाथ पस्तिशी ओलांडून गेला होता. नांदेडच्या वधूवर केंद्रात त्याचे नाव घातलेले होते. सुरुवातीला मुलीकडचे येत, पोहे खात आणि "कळवतो" म्हणून जात. पुढे ते येईनासे झाले. घर मातीचे, नोकरी दुकानातली, आणि घरात बाईमाणूस नाही. प्रत्येक नकार पोराला मिळत होता, पण मान खाली जात होती ती बापाची.

त्या दिवशी मात्र फोन वाजला.

"रामकिशन काका ना? मी ऋतुजा. बजरंग यांनी तुमचा नंबर दिला. आम्हाला तुमचं स्थळ बघायचं होतं."

रामकिशनराव उठून उभे राहिले. "बघा की. कवाबी बघा."

"मुलगी आमची ठरली आहे. मुलगाच मिळत नाहीये. लातूर पाहिलं, नांदेड पाहिलं, मनासारखा एकही नाही. म्हटलं, तोवर स्थळ तरी पाहून घ्यावं."

मुलगी तयार आहे आणि मुलगा मिळत नाही, असे त्यांनी अलीकडे कुणाच्याच तोंडून ऐकले नव्हते. त्यांनी जपून विचारले, "कसा पाहिजे पोरगा?"

"साधा. मातीतला. उन्हानं रापलेला."

"रापलेला हाय, बाई. लईच रापलेला हाय."

"वय तेवीस-चोवीस."

"दिसायला तेवढाच हाय," रामकिशनराव म्हणाले.

गावोगाव कुणी ना कुणी आपला पोरगा पुढे करतोच, याची ऋतुजाला सवय होती. आल्यावर बघू, रविवारी येतो, असे म्हणून तिने फोन ठेवला.

ती पुण्याच्या एका सिनेमा कंपनीत कामाला होती. 'चिंचेखाली' या सिनेमाचे दोन्ही भाग लोकांनी डोक्यावर घेतले होते. त्यातली कोवळी जोडी आता तिशीला टेकली होती. म्हणून तिसऱ्या भागासाठी नवी नायिका ठरवली होती; नवा नायक आणि दारात चिंच असलेले एक जुने मातीचे घर शोधणे चालू होते. वैजनाथचा मित्र बजरंग याचा उमरीत फोटो स्टुडिओ होता. त्याने या घराचा फोटो पाठवला होता.

हे सगळे बजरंगने वैजनाथला दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन सांगितले. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, रात्री सांगितलेले 'स्थळ' कोणते ते त्याला तेव्हा उमगले. वैजनाथ संध्याकाळी हसत घरी निघाला, अण्णांना सांगायला. दारात पोचला तेव्हा चुलीपाशी चांगुणाआत्या बसलेली होती. रामकिशनरावांनी मोठ्या बहिणीला मुदखेडहून तातडीने बोलावून घेतले होते आणि तिच्यासोबत तिच्या दोन्ही सुना आल्या होत्या. घरात लसणाच्या फोडणीचा वास होता. कोणीतरी कोणावर तरी ओरडत होते. रामकिशनरावांनी दाढी केली होती आणि ते कशावर तरी मोठ्याने हसत होते. वैजनाथने ते हसणे कित्येक दिवसांत ऐकले नव्हते. तो चपला काढून आत गेला. उद्या सांगू, असे त्याने ठरवले.

उद्या सांगायलाही जमले नाही, कारण आत्याने कामाला हात घातला होता. मातीच्या भिंती बघून पोरगी पळून जाईल, असे तिचे म्हणणे पडले. म्हणून दर्शनी भिंतीला गुलाबी रंग लागला. शनिवारी वैजनाथ दुकानात असताना तिने गडी बोलावून चिंचेच्या फांद्या उतरवल्या. तो परतला तेव्हा अंगणात लख्ख ऊन होते आणि मधोमध नुसता बुंधा. त्याला एकाच वेळी हसूही आले आणि धास्तीही वाटली.

रविवारी गाडी आली. दिग्दर्शक श्रीशैल खाली उतरला आणि हातातला फोटो एकदा, घर एकदा, असे बराच वेळ पाहत राहिला.

"झाड कुठंय?" त्याने विचारले.

"काढून टाकलं," आत्या अभिमानाने म्हणाली. "दारात चिंच असली की पोरी नांदत न्हाईत."

पाठोपाठ ऋतुजा उतरली. आत्याने तिला हाताला धरून पाटावर बसवले, कुंकू लावले, आणि केस कापलेत पण वाढतील, असे सुनांना पुरेसे मोठ्याने सांगितले. पोहे आले. स्वयंपाक येतो का, हे विचारून झाले. ऋतुजाने खरे ते उत्तर दिले. तरी आत्याने मोठ्या मनाने ते चालवून घेतले. श्रीशैलने तिच्या कानात सांगितले की हे स्थळ गेले, आटपा लवकर. ओट्यावर रामकिशनराव दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत होते.

वैजनाथ पुढे झाला. "मॅडम, जरा इकडं येता?"

पोरगा-पोरगी बोलू द्या, म्हणून आत्याने सगळ्यांना मागे सारले. बुंध्यापाशी वैजनाथने खालच्या आवाजात 'स्थळ' या शब्दाने काय करून ठेवले ते सांगितले. ऋतुजाला हसू फुटले. मग तिने ओट्याकडे पाहिले आणि हसू तिथेच थांबले.

"आता मी काय सांगू त्यांना?"

"पसंत हाय म्हणा."

"आणि मग?"

"मग मी न्हाई म्हणतो. आजपस्तोर समदे आमाला न्हाई म्हणून गेलेत. एक डाव आमी म्हणून बघतो."

ऋतुजा ओट्यापाशी गेली. "काका, आम्हाला स्थळ पसंत आहे."

श्रीशैलच्या घशात पोहे अडकले. रामकिशनरावांनी डोळे मिटून घेतले.

"मला न्हाई पसंत," वैजनाथ म्हणाला.

"आरसा बघितलास का रे कदी, मुडद्या?" आत्या कडाडली. नंतर ती जे बोलली ते गाडी निघाली तरी चालूच होते. रामकिशनराव तेवढे शांत होते. पोराच्या मनाला येत न्हाई तर जबरदस्ती न्हाई, असे म्हणून त्यांनी टोपी घातली आणि ते गावात गेले. संध्याकाळपर्यंत गावाला कळले की रामकिशनच्या पोराने पुण्याची पोरगी नापसंत केली.

सोमवारी सकाळी आत्या सुनांना घेऊन मुदखेडला गेली. जाताना ती वैजनाथशी बोलली नाही. घर पुन्हा पहिल्यासारखे सुनेसुने झाले. वैजनाथ तव्यासमोर बसला. रामकिशनराव चहाची कपबशी घेऊन त्याच्या मागे येऊन टेकले.

"मग मिळाला का रे त्या लोकांला हीरो?" त्यांनी विचारले.

वैजनाथचा थापता हात थांबला. अण्णांना हे कधी कळले, गाडी दारात आल्यावर की त्याच्याही आधी, हे विचारावे असे त्याच्या अगदी ओठांवर आले. त्याने भाकरी तव्यावर टाकली.

"न्हाई. बघायलेत अजून."

"बघू दे," रामकिशनराव म्हणाले आणि बशीत चहा ओतून घेतला.

भाकरी उलटून झाल्यावर वैजनाथने पीठ लागलेल्या हाताने फोन उचलला आणि मुदखेडला लावला. पलीकडून आधी बऱ्याच शिव्या आल्या. त्या त्याने पूर्ण ऐकून घेतल्या.

"आत्या, पुढल्या ऐतवारी ये," तो म्हणाला. "सुनांलाबी आण. अजून एक स्थळ यायलंय."

रामकिशनराव चहा पीत राहिले. कोणते स्थळ, असे त्यांनी विचारले नाही.