सुपडू नावाचे कोणी आढळले नाही

मेलेल्या माणसाइतका सोयीचा नातेवाईक दुसरा नाही. तो रुसत नाही, मानपान मागत नाही आणि त्याच्याविषयी चार शब्द चांगले बोललं तर ‘मग तेव्हा का नाही बोललात?’ असं उलटून विचारत नाही. तरीही लोकांना तो परत भेटायला हवा असतो. जनतेची ही निकड ध्यानात घेऊन शहाऐंशी साली जळगावला ‘समांतर जग भेट कार्यालय’ उघडण्यात आलं. (धुळ्याने ताबडतोब अन्यायाविरुद्ध मोर्चा काढला. तेव्हा धुळ्याला कार्यालयाची पाटी देण्यात आली. कार्यालय मागाहून येणार होतं.)

जगं अगणित आहेत, असं शास्त्र सांगतं. पण अगणित जगांची देखभाल खात्याला झेपणारी नव्हती. म्हणून काटकसरीने एकच निवडलं : ज्यात अकाली कुणी गेलंच नाही, असं. सगळ्यांची माणसं एकाच ठिकाणी सापडावीत, हा विचार दूरदृष्टीचाच म्हणायचा. पलीकडे जायला एक लोखंडी चौकट होती आणि तिला दीपनगरच्या वीजकेंद्राची वीज होती. वीज गेली की माणूस असेल तिथे अडके. (पाय अलीकडे आणि धड पलीकडे अशा स्थितीत एका तलाठ्याने अख्खी दुपार काढली. त्याला दोन्हीकडचा प्रवासभत्ता नाकारण्यात आला.)

पिंप्राळ्याच्या कमलबाईंना भाऊ हवा होता. माहेर नरडाण्याचं. तिथला धाकटा भाऊ सुपडू विशीत तापाने गेला, आणि तेव्हापासून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांना माहेरी न्यायला मुराळी म्हणून कुणी आलं नव्हतं. शेजारणींचे भाऊ यायचे, पिशव्या भरायचे, घाई करायचे. कमलबाई दारात उभ्या राहून त्यांना पाणी द्यायच्या. एकदा, फक्त एकदा, आपल्या भावाने म्हणावं की चल. एवढंच मागणं होतं.

कार्यालयाच्या खिडकीत कारकून पितांबर नाना बसायचे.

“नाव?”

“सुपडू.”

नानांनी यंत्रात नाव घातलं. यंत्र घरघरलं आणि म्हणालं, सुपडू नावाचे कोणी आढळले नाही.

“अक्का, याच्याआधीची भावंडं गेली होती का?”

“दोघं. म्हणून तर याला जन्मल्याबरोबर सुपात घालून ओढला. टाकाऊ समजून यमाने सोडावा म्हणून.”

“झालं तर!” नानांनी चष्मा काढला. “पलीकडे आधीची दोघं जगली. मग याला सुपात कोण घालणार? तिकडे सुपडू नाही, भिकन नाही. कुणी कुणाला देवाकडून भीक मागून आणलेलंच नाही. निम्मा खानदेश या खिडकीवरून परत गेलाय.”

“मग त्याचं नाव काय असेल?”

“काहीतरी छान असेल. छान नावं खूप आहेत, अक्का. शोधायची कशी?”

“नाव राहू द्या. मला घर माहीत आहे,” कमलबाई म्हणाल्या.

नावाऐवजी घर माहीत असलेल्यांबद्दल नियम नव्हता. (नियम नसला की आपला कारकून देवमाणूस असतो.) नानांनी चौकट उघडली.

पलीकडे जळगाव तसंच होतं. तीच रिक्षा, तोच धुरळा. सुरत पॅसेंजरही उशिराच आली, तेव्हा कमलबाईंना जरा धीर आला. नरडाण्याला घर सापडलं, फक्त एका दाराची तीन दारं झाली होती. तिन्ही भाऊ हयात असल्याने तसं करणं भाग पडलं होतं. तिसऱ्या दारात सुपडूचे कान असलेला, टक्कल पडलेला माणूस बसला होता. पाटीवर नाव सुरेश होतं.

त्याने वर पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“मरसू पन तुना दारमा पाय ठेवाव नही, आसं कोन बोलनं व्हतं?”

असं कमलबाई कधीच बोलल्या नव्हत्या. बोलली होती ती इथली कमल. भाचीच्या लग्नात तिच्या पानात पुरणाचा मांडा शेवटी पडला, आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं.

“मीच बोलनी व्हती,” कमलबाई म्हणाल्या. “चुकनं मनं. पानी दे.”

त्याने पाणी आणलं. तांब्या पुढे ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “जेवनी का?”

जेवण झालं. भाकरी करपलेली होती, पण कमलबाईंनी तक्रार केली नाही. निघताना तो पाठोपाठ रस्त्यापर्यंत आला.

“आखाजीले येसू तुले लेवाले. पिशवी भरी ठेव.”

कमलबाईंनी मान हलवली. तो पिंप्राळ्याला जाणार होता हे खरं, पण त्या पिंप्राळ्याला. तिथली बाई दार उघडेल, थक्क होईल, कदाचित भांडेल आणि मग पिशवी भरेल. कमलबाई गाडीत बसून रडल्या आणि समोरच्या बाईने विचारल्यावर म्हणाल्या, “माहेरहून आले.”

पुढे कार्यालय बंद पडलं. अहवालात कारण नोंदलं आहे : पलीकडच्या लोकांनाही ही सेवा देऊ केली होती, परंतु तिथून एकही अर्ज आला नाही. सगळे हयात असल्याने कुणाला कुणाची भेट घ्यायची घाई नव्हती.

अजूनही काही वाचक त्या चौकटीचा पत्ता विचारतात. ज्यांची भावंडं हयात आहेत, त्यांनी कृपया विचारू नये. ते आधीपासून पलीकडेच राहतात.