जब्बारचाचांची हिरवी टोपी

एका दिवसात पाच टोप्या बदलणारा माणूस मी गोंदियात या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो पुढारी नव्हता.

जब्बारचाचा आमचे शेजारी. राइस मिलमधून रिटायर झालेले मिस्त्री. पहाटेच्या नमाजाला पांढरी सुती, दुपारच्या नमाजाला रामपुरी मखमली, जुम्म्याला लाल तुर्की, तिचा गोंडा मागून चालणाऱ्याच्या नाकाला लागे. कोणी हजहून आलं, की हे खजुराआधी टोपीची चौकशी करणार. घरातली टोप्यांची पेटी एवढी जड, की तो कोपरा दरसाल बोटभर खचतो, असं मी लोकांना सांगतो. चाचा शेजारून दुरुस्त करतात, "दोन बोटं."

मशिदीच्या दाराशी विसरभोळ्यांसाठी प्लास्टिकच्या टोप्यांची टोपली असते. तिच्यावर त्यांचा भारी राग. "हे का टोपी होये? हे तं भाजी धुवाची चाळणी!" मौलानांनी एकदा गोडीत समजावलं, की चाचा, टोपी अदब आहे, तिच्याविना नमाज अडत नाही. चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बराबर जी. पन तहसीलदारापुढं जाताना गुंड्या लावता का नाही?" तेव्हापासून मौलाना डोक्याला गुंडाळलेला अमामा आरशात दोनदा पाहून घेतात, असं ऐकतो. ऐकतो म्हणजे मीच सांगतो.

जेवताना टोपी, वडीलधाऱ्यांपुढे टोपी. थोरल्या भावाचा फोन आला तरी आधी टोपी, मग हॅलो.

"चाचा, फोनमधून त्यांना काय दिसून राहिलं?"

"मले तं मालूम रायते ना बे!"

असा शौकीन माणूस मागच्या वर्षी एकाएकी एकाच टोपीवर आला. हिरवी, क्रोशाची, एका अंगाला कललेली, धुऊन धुऊन सुकल्या पालापाचोळ्याच्या रंगाची. उठता-बसता तीच. न्हावी शपथेवर सांगे, "काठाकाठानं कापतो जी, उतरवूच देत नाही." कोणी म्हणे टोपीत नोटा शिवल्या आहेत, कोणी म्हणे मन्नत आहे, कोणी म्हणे टक्कल. यातल्या दोन अफवा माझ्या.

एका रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर मासोळ्या आणायला चोरखमाऱ्याच्या तलावावर गेलो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, वारा असा, की बगळे उलटे उडत होते. त्याने चाचांची टोपी उचलली आणि थेट पाण्यात नेली. मी कपड्यांसकट उडी घेतली. पाणी हत्ती बुडेल एवढं होतं. म्हणजे हत्ती बसला तर. मासे धरणाऱ्या एका ढिवराने आपली नाव, डोंगा, फिरवून पाहिली. टोपी गेली ती गेलीच.

निथळत वर आलो, तर चाचा दोन्ही हातांनी डोकं झाकून बसलेले.

"चला जी चाचा. घरी पेटी भरून आहेत."

"घरी कसा जाऊ बे?"

"काऊन? चाची मारते का?"

"मारती तं बरं होतं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

चाची विसरते, हे मोहल्ल्याला माहीत होतं. तिच्या हातचा मिठाचा चहा आम्ही सगळे गुपचूप प्यायलो होतो. विसरणं किती आत गेलं होतं, ते कोणाला माहीत नव्हतं.

"एक दिवस आंघोळ करून उघड्या डोक्यानं बाहेर आलो," चाचा पाण्याकडे पाहत म्हणाले. "घरात पराया माणूस घुसला म्हणून बोंबलली. मंग एकेक टोपी घालून पाहिली. हरेक टोपीत तिले नवाच माणूस दिसे. ही हिरवी तिनंच इणली होती, लगनाच्या साली. ही घातली का वळखे."

मला आयुष्यात पहिल्यांदा एकही थाप सुचली नाही. मी माझ्या गळ्यातला दुपट्टा त्यांच्या डोक्याला गुंडाळला आणि स्कूटर काढली.

चाची ओसरीत होती. माझी बायको तिच्या सोबतीला बसली होती. बायकोला मी खुणेनंच गप्प केलं. चाचीने मला लगेच ओळखलं. मग मागे पाहिलं आणि ओढणी पुढे ओढली.

"पटलेभाऊ, हे कोन जी?"

मी तोंड उघडलं, पण चाचाच बोलले.

"मिलमधून आलो जी. मिस्त्रीशी काम होतं."

"मंग बसा ना. येऊनच रायले असतीन." तिने ओढणीच्या पदराने खुर्ची पुसून दिली. चाचा आपल्याच घरात खुर्चीच्या काठावर बसले, तळवे गुडघ्यांवर ठेवून.

 मग त्यांनी हळूच विचारलं, "कसे आहेत जी, मिस्त्री?"

चाची नव्या नवरीसारखी लाजली. "लय नखरेवाले. भाजीत तिखट कमी पडलं तं ताट सरकवतेत." तिची नजर रस्त्यावर गेली. "पन दिवस बुडाच्या आत घरी येतेत. मले एकटं नाही ठेवत."

चाचांनी मान खाली घातली. ती पुन्हा वर आली, तेव्हा आवाज साफ होता.

"येतीन जी."

"येतीनच," चाची म्हणाली.

चाचांनी खुर्ची जरा वळवली, आणि दोघं रस्त्याकडे पाहत बसले.