सह्या करायला माणूस उरेना

"लग्न झालं, मूल झालं, की हा कागद आधी बदलून घ्या," वकीलबाईंनी सात वर्षांपूर्वी बजावलं होतं. तेव्हा ती नुसती हसली होती. लग्न करायचं होतं कोणाला? होतं-नव्हतं ते सगळं खोलीत सोबत राहणाऱ्या मैत्रिणीच्या नावे लिहून ती मोकळी झाली होती.

आता लेक अडीच वर्षांची होती. उद्या पहाटे ती आणि नवरा दोन दिवसांसाठी विमानाने जाणार होते, लेकीला पहिल्यांदाच मागे ठेवून. बॅगेत स्वेटर ठेवता ठेवता तिला तो कागद आठवला. विमानाचं काही झालंच, तर घरदार मैत्रिणीला आणि लेक कोणाला, त्याचा पत्ता नाही.

दुपार कलली होती. पडदा आत-बाहेर श्वास घेत होता, लेक पालथी झोपली होती. ती नवं मृत्युपत्र लिहायला बसली. घर, पैसा लेकीला, सांभाळ तिच्या मावशीकडे. एवढ्यावर थांबायचं, पण डोळे जडावले होते, पेन आपोआप चालत होतं. तिच्यामागे तिच्या वस्तू एकेक करून खिडकीतून तरंगत चालल्यात, असं तिला दिसू लागलं. शिलाई मशीन खालच्या शिंपीणकाकूंकडे. कुंड्या वरच्या काकांकडे. पुस्तकं समोरच्या मास्तरीणबाईंकडे. कुकर इस्त्रीवाल्याला. कोणालाच विसरायला नको, या गोड गुंगीत चार पानं भरली.

मग तिने वकीलबाईंना फोन लावला.

"दोन साक्षीदारांसमोर सही करा. आणि ज्याला त्यातलं काही मिळणार, त्याला साक्षीदार घेऊ नका."

ती खाडकन जागी झाली. तरी खाली जाऊन तिने शिंपीणकाकूंना विचारून बघितलं.

"मशीनपुढचं तुमचं नाव खोडते काकू, पण सही करा."

"मशीन देतेयस? मग सही कशाला, बाई? मशीनच राहू दे."

वरचे काका म्हणाले, "कुंड्या कुठे ठेवायच्या, ते ठरवलंसुद्धा मी." मास्तरीणबाईंनी पुस्तकांची यादी मागितली. इस्त्रीवाला गहिवरला आणि त्याने चार कपडे फुकट करून दिले. नवरा तर त्याच विमानात बसणार होता; त्याला सोडून अख्ख्या इमारतीत कोरडी अशी दोनच माणसं उरली. एक शेजारचा, भिंतीला भोकं पाडण्यावरून ज्याच्याशी वर्षभर अबोला होता तो. आणि दुसऱ्या, घरातल्याच सासूबाई.

सासूबाईंचं नाव चार पानांत कुठेच नव्हतं. त्या इतक्या जवळ होत्या, की दिसल्याच नव्हत्या.

शेजारी आला, टेबलावरचा चष्मा लावून वाचू लागला. "इस्त्रीवाल्यालाही कुकर. मला काहीच नाही?"

"म्हणूनच तर बोलावलं."

"निदान एखादी कुंडी..."

"कुंडी घेतलीत तर सही बाद होईल."

उसासा सोडून तो टेकला. आधी तिने सही केली, मग त्याने. सासूबाई मात्र सगळी पानं डोळ्यांशी धरून सावकाश वाचत राहिल्या. ती पेनाचं टोपण उघडबंद करत उभी.

"आई, ते... घाईत राहून गेलं."

"राहू दे गं. मला काय न्यायचंय कुठे?" त्यांनी सही केली, उठल्या आणि आपल्या कपाटातून एक घडी घेऊन आल्या. "सगळ्यांची सोय बघतेयस, तर माझंही वाच. ही जुनी शाई चष्म्याशिवाय मला दिसत नाही, आणि चष्मा शेजारच्यांनी घातलाय."

शेजाऱ्याने मुकाट्याने चष्मा काढून दिला. पण कागद तिनेच वाचला. शाई फिकटली होती.

"माझा मुलगा अजून अज्ञान, वयाने लहान आहे. माझ्यामागे त्याच्या आत्याने त्याला सांभाळावं. रोज दूध द्यावं. अंधारात एकट्याला झोपवू नये."

आतून छत्तीस वर्षांच्या त्या मुलाचा आवाज आला, "माझे मोजे कोणी बघितले का?"

"आत्याबाईंना जाऊन तीन वर्षं झाली," सासूबाई हळूच म्हणाल्या. "कागद बदलायचा राहूनच गेला. आता याला कोण बघणार, सांग?"

तिने कागदाची घडी घालून ती त्यांच्या हातात दिली.

"मी बघते, आई. उद्याचं विमान नीट उतरू दे. परवा आल्या आल्या आपण दोघी वकीलबाईंकडे जाऊ."

आणि तुम्ही, वाचणारे? घरातलं जे माणूस कधी काही मागत नाही, त्याच्या कपाटात केव्हाचा कागद आहे आणि त्यात ते अजून कोणाची काळजी करत बसलंय, हे आज जरा जाऊन विचाराल का?